प्रदर्शनाचे जनावर आणि खाद्यपूरके : पैसा कुठे लावावा, कुठे वाचवावा

दिवाळी सरली की आटपाडी, सांगोला, पंढरपूर, पुसेगाव या पट्ट्यात आणि तिकडे नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांच्या बाजारांचा आणि प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. पहिल्यांदाच आपला खोंड, कालवड, बोकड किंवा मेंढा प्रदर्शनात उतरवू पाहणारा पशुपालक याच सुमारास खाद्याच्या दुकानात जातो आणि खुराकाच्या पोत्याबरोबर कॅल्शियमची बाटली, यकृताचे टॉनिक, वाढीची पावडर आणि 'कांतीसाठी' म्हणून आणखी एक डबा घेऊन परततो. दुकानदार त्याला फसवतोच असे नाही. त्यातल्या काही वस्तू खरोखर उपयोगी असतात. मात्र त्या कोणत्या जनावराला, कोणत्या चाऱ्यावर आणि कशाच्या उणिवेसाठी द्यायच्या, हा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो. ज्या पूरकाची उणीव आपल्याला नाव घेऊन सांगता येत नाही, ते पूरक विकत घेऊ नये, असे माझे मत आहे. ती उणीव कशी ओळखावी आणि खर्चाचा हिशेब कसा मांडावा, हे पुढे पायरीपायरीने दिले आहे.

पहिली पायरी : खाद्याने काय बदलते आणि काय बदलत नाही

प्रदर्शनात पंच सर्वांत आधी जातीची लक्षणे पाहतात. खिलारचा लांबट, अरुंद चेहरा, कपाळापासून मागे जाऊन वर वळलेली टोकदार शिंगे, घट्ट कातडी, सरळ पाय, आवळ खूर आणि चपळ चाल. देवणीचे वानेरा, बालंक्या किंवा शेवेरा यांपैकी त्या त्या प्रकाराला शोभणारे रंग. उस्मानाबादी शेळीचा काळा रंग. जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढ्याचे पोपटाच्या चोचीसारखे बाक असलेले नाक आणि पांढऱ्या अंगावरचे तपकिरी ठिपके. यातले काहीही कोणत्याही पावडरीने येत नाही. ते आईबापांकडून आलेले असते, किंवा आलेले नसते. म्हणून तयारीचा पहिला निर्णय दुकानात न घेता गोठ्यातच घ्यावा : जातीची लक्षणे कमी असलेल्या जनावरावर चार महिने खर्च करण्यापेक्षा दुसरे जनावर निवडावे.

खाद्याने तीन गोष्टी बदलतात : अंगावरचे मांस, केसांची आणि कातडीची कांती, आणि सावकाशीने खुरांची प्रत. यांतली पहिली गोष्टसुद्धा 'जास्त तेवढी चांगली' अशी नाही. कालवडीला वयात येण्याआधी अति खुराक देऊन लठ्ठ केले, तर तिच्या कासेत दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या जागी चरबी साठते आणि पुढे दूध कमी मिळते. प्रदर्शनात ती गुटगुटीत दिसेल, पण जाणकार पंच तिच्या शेपटीच्या मुळाशी हात लावून पाहील आणि तिथली चरबी त्याच्या लक्षात येईल. पैदाशीच्या वळूलाही लठ्ठपणा शोभत नाही; पायांवर भार येतो आणि चाल बिघडते.

दुसरी पायरी : १२० दिवस आधी मोजमाप

प्रदर्शनाच्या साधारण चार महिने आधी वही करावी. वजनकाटा नसला तरी शिंप्याच्या फितीने काम भागते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यावा आणि खांद्याच्या टोकापासून पार्श्वभागाच्या हाडापर्यंत अंगाची लांबी घ्यावी, दोन्ही इंचांत. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन. घेर ६६ इंच आणि लांबी ५४ इंच असेल, तर हे वजन साधारण ३५६ किलो येते. मोजमाप दर १५ दिवसांनी, सकाळी चारापाण्याआधी आणि शक्यतो एकाच माणसाने करावे. पोट भरलेले असणे, फीत सैल धरणे, जनावराने पाय पुढे-मागे ठेवणे यांमुळे वजनात सहज दहा-पंधरा किलोंचा फरक दिसतो. 'आठ दिवसांत पाच किलो वाढला' ही गोष्ट त्यामुळे ऐकायला बरी वाटली तरी तिला अर्थ नसतो.

वजनाबरोबर फासळ्या किती दिसतात, केस चपटे आहेत की उभे, शेण कसे आहे आणि रवंथ नीट होतो का, हेही लिहावे. एकाच जागी, सकाळच्या एकाच वेळी बाजूने एक फोटो काढून ठेवावा. पूरक लागू पडले की नाही हे पुढे या वहीवरूनच ठरवायचे आहे.

तिसरी पायरी : आधी रोग आणि जंत, मग टॉनिक

माझ्या पहिल्या खोंडाला मी दोन महिने यकृताचे टॉनिक पाजले होते, कारण त्याचे केस राठ होते आणि खाऊनही अंगाला काही लागत नव्हते. शेवटी एका पशुवैद्यकाने शेणाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा जंतांची अंडी दिसली. जंताचे औषध दोनदा दिल्यावर महिना-दीड महिन्यात केस बसू लागले. टॉनिकावर जेवढे पैसे गेले होते, त्याच्या लहानशा अंशात हे काम झाले.

राठ केस, खपाटीला गेलेले पोट आणि मंद वाढ यांचे सर्वांत नेहमीचे कारण जंत हेच असते. कालव्याच्या किंवा तळ्याच्या काठी चरणाऱ्या जनावरांत यकृतात राहणारे चपटे कृमी असू शकतात आणि त्यांच्यावर प्रत्येक जंतनाशक चालत नाही. म्हणून औषध शेण तपासूनच निवडावे. गोचीड आणि उवा रक्त पितात आणि कातडी खराब करतात. त्यांचा बंदोबस्त अंगावर आणि गोठ्यात, दोन्हीकडे करावा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी यांचे लसीकरण प्रदर्शनाच्या तोंडावर न ठेवता आधीच उरकावे, म्हणजे लसीनंतर येणारा ताप किंवा मंदपणा ऐन वेळी आडवा येत नाही. शेळ्या-मेंढ्यांना खुराक वाढवण्यापूर्वी आंत्रविषाराची लस दिलेली असलीच पाहिजे. हा रोग धान्य जास्त खाणाऱ्या, अंगाने भरलेल्या पिलांनाच आधी गाठतो, आणि सकाळी दावणीला मेलेला बोकड सापडणे हेच अनेकदा त्याचे पहिले लक्षण असते.

चौथी पायरी : रोजचा चारा-खुराक बसवणे

ही पायरी नीट झाली तर अर्धी खाद्यपूरके आपोआप अनावश्यक ठरतात. मोठ्या जनावराला वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ रोज लागतो. शुष्क पदार्थ म्हणजे चाऱ्यातले पाणी वजा करून उरलेले वजन. हिरव्या चाऱ्यात तो साधारण २० टक्के असतो, कडब्यात आणि खुराकात ९० टक्के. म्हणजे ३५० किलोच्या खोंडाला पावणेनऊ किलोच्या आसपास शुष्क पदार्थ हवा. १५ किलो हिरवा चारा, साडेतीन किलो कडबा कुट्टी आणि ३ किलो खुराक दिला तर ते गणित जमते. हिरव्या चाऱ्यात चार-पाच किलो लसूणघास असला तर उत्तम.

घरचा खुराक करायचा असेल तर १०० किलोंसाठी मक्याचा भरडा ४० किलो, सरकी पेंड २५, गव्हाचा कोंडा २०, तूर-हरभऱ्याची चुणी १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो हे प्रमाण नवशिक्याला सुरक्षित आहे. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते फार पोटात गेल्यास वळूच्या वीर्यावर परिणाम होतो, म्हणून पैदाशीच्या नराला केवळ सरकीवर पोसू नये. तयार कांडी खुराक घेत असाल तर पोत्यावर भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २०५२ हे चिन्ह पाहावे आणि घटकांच्या यादीत खनिज मिश्रण आहे का ते वाचावे. असल्यास वरून पुन्हा तेच विकत घेताना विचार करावा.

खुराक एकदम वाढवू नये. आठवड्याला अर्धा किलो या बेताने चढवावा आणि दिवसातून दोन किंवा तीन वेळा विभागून द्यावा. कोठीपोटातल्या, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन आठवडे तरी लागतात. धान्य एकदम पडले की तिथे आम्लता वाढते, जनावर खाणे सोडते, शेण पातळ आणि आंबूस होते, आणि पुढे खुरांना सूज येऊन लंगडेपणाही येतो. प्रदर्शनाच्या जनावराची चाल एकदा गेली की बाकी सगळे व्यर्थ जाते. पाण्याचे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो : दिवसभर समोर स्वच्छ पाणी असावे. कोरडा खुराक आणि थोडे पाणी ही जोडी नर जनावरात मुतखड्याला आमंत्रण देते.

पाचवी पायरी : बाटलीवरचा मजकूर वाचणे

पुढचे मोठे अक्षर सोडून मागचे बारीक अक्षर वाचावे. तिथे दर किलोत किंवा दर १०० मिलिलिटरमध्ये कोणता घटक किती आहे हे लिहिलेले असावे. नुसती नावे असतील आणि आकडे नसतील, तर ती वस्तू परत ठेवावी. आकडे असतील तर रोजच्या मात्रेत प्रत्यक्ष किती मिळते ते काढावे आणि तेच चाऱ्यातून किती मिळते याच्याशी ताडून पाहावे.

समजा एका पातळ कॅल्शियमच्या १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम कॅल्शियम आहे आणि आपल्या खोंडाला दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते. पाच किलो हिरव्या लसूणघासात साधारण एक किलो शुष्क पदार्थ असतो आणि त्यातून १२ ते १४ ग्रॅम कॅल्शियम मिळते. बाटली देते त्याच्या सहापट चारा देतो, शिवाय त्याबरोबर प्रथिने आणि अ जीवनसत्त्वाचा मूळ घटकही येतो. पातळ कॅल्शियमला जागा आहे, पण ती व्यायलेल्या दुभत्या गाईच्या गोठ्यात. वाढत्या खोंडाच्या दावणीला नाही.

गावातल्या जुन्या प्रथांनाही हीच फूटपट्टी लावावी. वळूला रोज दहा अंडी पाजणाऱ्यांची संख्या कमी नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने धरली, तर दहा अंड्यांतून ६० ग्रॅम मिळतात, आणि तेवढी प्रथिने दीडशे ग्रॅम शेंगदाणा पेंडीत असतात. आपल्या पोटात अंड्याचे प्रथिन श्रेष्ठ ठरते हे खरे, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात सूक्ष्मजीव त्याचा बराचसा भाग आधीच मोडून टाकतात, त्यामुळे त्या श्रेष्ठपणाचे मोल उरत नाही. तुपाचेही तसेच. शुष्क पदार्थाच्या सहा टक्क्यांपलीकडे स्निग्धांश गेला की तो चाऱ्याच्या तंतूंवर लेप देतो आणि पचन मंदावते. आपल्या उदाहरणात ही मर्यादा ५३० ग्रॅमच्या आसपास येते आणि त्यातला निम्मा स्निग्धांश चारा-खुराकातून आधीच पोटात गेलेला असतो. अशा वेळी पाव किलो तूप घातले तर मर्यादा जवळजवळ भरली. तूप घरात खावे.

सहावी पायरी : कोणते पूरक कधी

खनिज मिश्रण हे एकच पूरक मी जवळजवळ प्रत्येक गोठ्यात घ्यायला सांगेन. आपल्या कडब्यात आणि पेंडीत जस्त, तांबे, कोबाल्ट, आयोडीन यांची भरवशाची मात्रा नसते आणि त्यांची उणीव नेमकी प्रदर्शनात दिसणाऱ्या ठिकाणी उमटते. तांबे कमी पडले की काळे केस तांबूस होतात आणि डोळ्यांभोवती फिकट कडे दिसते. जस्त कमी पडले की कातडी जाड आणि खवल्यांची होते आणि खूर ठिसूळ होतात. पिशवीवर आयएस १६६४ हे मानक पाहावे. मोठ्या जनावराला रोज ४० ते ६० ग्रॅम, वासराला २० ते २५ आणि शेळीला १० ते १५ ग्रॅम पुरते. ते खुराकात मिसळूनच द्यावे. नुसते गव्हाणीत टाकले तर जनावर चाटते तेवढेच चाटते आणि उरलेले शेणाबरोबर उकिरड्यावर जाते. धातू सेंद्रिय रूपात बांधलेली महाग मिश्रणेही मिळतात. साध्या मिश्रणाने दोन-अडीच महिन्यांत फरक पडला नाही आणि दुसरे कारणही सापडले नाही, तरच त्यांचा विचार करावा.

मेंढ्यांच्या बाबतीत इथे थांबून नीट वाचावे. गाई-म्हशींचे खनिज मिश्रण मेंढ्याला कधीही देऊ नये. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. मेंढीच्या एकूण आहारात दर किलो शुष्क पदार्थामागे १५ ते २५ मिलिग्रॅम तांबेसुद्धा दीर्घकाळ धोक्याचे ठरू शकते. आठवडेच्या आठवडे मेंढा अगदी ठणठणीत दिसतो, उलट मालकाला वाटते की मिश्रण लागू पडले. मग प्रवास, गर्दी, उपास असा काही ताण आला की साठलेले तांबे एकदम रक्तात उतरते, तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-काळपट होते, डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात आणि एक-दोन दिवसांत जनावर जाते. हा ताण नेमका प्रदर्शनाच्या दिवशी येतो, हे लक्षात घेतले म्हणजे माडग्याळचा लाखांत मागणी असलेला मेंढा स्वस्त चुकीने कसा गमावता येतो ते कळेल. मेंढ्यांसाठी तांबे नसलेले किंवा अगदी कमी असलेले वेगळे मिश्रण मागावे, आणि गाईंच्या कांडी खुराकावर मेंढे पोसू नयेत. शेळी तांबे मेंढीपेक्षा बरेच सोसते, म्हणून शेळीच्या अनुभवावरून मेंढीचा निर्णय करू नये.

पैशाला पैसा देणारे दुसरे पूरक म्हणजे अमोनियम क्लोराईड, ज्याला आपण नवसागर म्हणतो. कोंडा, धान्य आणि पेंड यांत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आणि कॅल्शियम थोडे असते. असा खुराक जास्त खाणाऱ्या बोकडात आणि मेंढ्यात, आणि लहानपणी खच्ची केलेल्या नरात तर विशेषच, स्फुरदाचे खडे होऊन मूत्रमार्ग बंद पडतो. नर वारंवार पाय ताणतो, थेंब थेंब मुततो, ओरडतो. लघवीच्या जागेच्या केसांवर पांढरे कण चिकटलेले दिसतात. त्या अवस्थेत घरगुती उपाय करत बसू नये, तासाभरात पशुवैद्यक गाठावा. हे टाळण्यासाठी कॅल्शियम आणि स्फुरदाचे प्रमाण दोनास एक असे राखावे, मीठ आणि पाणी भरपूर द्यावे आणि खुराकाच्या १०० किलोंमागे एक किलोपर्यंत अमोनियम क्लोराईड पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मिसळावे. ते लघवी आम्लधर्मी ठेवते आणि खडे धरू देत नाही. कल्हईवाल्याकडचा नवसागर मात्र वापरू नये. त्याच्या शुद्धतेची हमी कोणी देत नाही.

इथेच खाण्याच्या सोड्याचा विषय येतो. खुराक एकूण शुष्क पदार्थाच्या निम्म्याच्या आसपास गेला असेल तर मोठ्या जनावराला रोज ५० ते १०० ग्रॅम सोडा कोठीपोटातली आम्लता आवरतो, स्वस्तही पडतो. पण तो लघवी अल्कधर्मी करतो, म्हणजे नवसागराच्या बरोबर उलट. बोकडाला दोन्ही एकत्र देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी दोन वस्तूंचे पैसे देऊन एकीचाही गुण घेतलेला नसतो. आमच्या उदाहरणातला खोंड तीन किलोच खुराक खातो, त्याला सोड्याची गरज नाही.

जिवंत यीस्ट हा मधला प्रकार आहे. खुराक भारी असताना, उन्हाचा ताण असताना किंवा चारा बदलताना त्याने पचन सावरते, पण परिणाम माफक असतो आणि दर गोठ्यात दिसतोच असे नाही. पाकिटावर जिवंत पेशींची संख्या आणि मुदतीची तारीख असावी. पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मे काढलेले पाकीट फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण उष्णतेने यीस्ट मरते.

कांतीसाठी काही घ्यायचेच असेल तर भिजवून शिजवलेले जवस घ्यावे, मोठ्या जनावराला रोज शंभर-दीडशे ग्रॅम, दोन महिने. बायपास फॅट, म्हणजे कोठीपोटात न मोडता पुढे जाणारा स्निग्धांश, हे दुभत्या जनावरांचे खाद्य आहे; वाढत्या खोंडाला त्यातून मिळणारी ऊर्जा मक्याच्या भरड्यातून स्वस्तात मिळते. खुरांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व खरोखर काम करते, मोठ्या जनावराला रोज २० मिलिग्रॅम या मात्रेत, पण खूर महिन्याला जेमतेम ५ मिलिमीटर वाढतो. खुराचा नवा, चांगला भाग जमिनीपर्यंत यायला वर्ष जाते. प्रदर्शनाला दोन महिने असताना बायोटिन घेणे म्हणजे पेरणीच्या दिवशी मळणीयंत्र भाड्याने आणणे. त्यापेक्षा खूर कापून घ्यावेत आणि गोठा कोरडा ठेवावा.

अ जीवनसत्त्वाचा निर्णय आपल्या पाणलोटावर अवलंबून आहे. बारमाही हिरवा चारा असेल तर ते विकत घेण्याचे कारण नाही. पण माण, आटपाडी, जत अशा भागांत दुष्काळी वर्षी तीन-चार महिने जनावराला जुना कडबाच मिळतो, आणि साठवणीत कडब्यातला कॅरोटीन, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा मूळ घटक, जवळजवळ संपतो. अशा वेळी अ, ड३ आणि ई जीवनसत्त्वांचे पूरक हे चैनीचे राहत नाही. रातांधळेपणाने संध्याकाळी जनावर अडखळू लागले तर उशीर झालेला असतो.

बुरशीचे विष बांधून ठेवणाऱ्या पावडरींचा उपयोग पावसात भिजलेल्या मक्याच्या किंवा पेंडीच्या बाबतीत सांगितला जातो. बुरशी दिसत असेल तर ती पेंड टाकून द्यावी. पावडर घालून प्रदर्शनाच्या जनावराला ती खाऊ घालण्यात बचत नाही. यकृताची टॉनिके आणि 'वाढीची' मिश्रणे निरोगी जनावराला द्यावीत असा आधार मला कधी सापडला नाही. मोनेन्सिनसारखी औषधे खाद्याचा उपयोग सुधारतात, पण मात्रा चुकली तर घातक ठरतात आणि घोड्याला तर अल्प मात्रेतही मारतात; ज्याच्या गोठ्यात घोडी आहे त्याने हा डबा दारातही आणू नये. वाढीसाठी प्रतिजैविके किंवा संप्रेरके देणे हा प्रकार पूर्ण वर्ज्य समजावा. कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्यप्राण्यांसाठी भारतात २०१९ पासून बंद आहे, आणि पैदाशीच्या वळूला स्टेरॉइड टोचून आलेला फुगवटा त्याच्या वीर्यातून वसूल होतो.

सातवी पायरी : एका वेळी एकच, आणि पडताळा

मूळ चारा-खुराक बसल्यावर किमान तीन आठवडे काहीही नवे देऊ नये. मग एकच पूरक सुरू करावे, मात्रा आठ-दहा दिवसांत चढवावी आणि ४५ ते ६० दिवस चालवावे. सारख्या वयाची दोन जनावरे असतील तर एकाला द्यावे आणि दुसऱ्याला देऊ नये. तेवढ्याने पक्के काही सिद्ध होत नाही, तरी दोन्ही सारखीच चकाकली तर श्रेय पावडरीचे नाही, इतके निश्चित कळते. बहुतेक पूरके अशा काळात सुरू होतात की त्याच वेळी खुराक वाढलेला असतो, जंताचे औषध झालेले असते, रोज खरारा सुरू झालेला असतो आणि हिवाळ्याचे नवे केस येत असतात. मग सगळे श्रेय बाटलीला मिळते.

आठवी पायरी : हिशेब

दर आपापल्या गावचे घालावेत. रीत तेवढी समजून घ्यावी. खनिज मिश्रण १५० रुपये किलो धरले तर ६० ग्रॅमचे रोजचे ९ रुपये, १२० दिवसांचे १,०८० रुपये होतात. टॉनिक, पातळ कॅल्शियम आणि वाढीची पावडर मिळून रोजचे ६० रुपये धरले तर त्याच काळात ७,२०० रुपये जातात. खुराक ३० रुपये किलोने रोज तीन किलो दिला तर तो १०,८०० रुपयांचा होतो. म्हणजे ज्यांचा गुण सिद्ध नाही अशा तीन वस्तूंवर मुख्य खुराकाच्या दोन-तृतीयांश खर्च होतो. एवढ्या पैशांत एखाद्या गुंठ्यात लसूणघासाची लागवड, शेणाची तपासणी, खुरांची कापणी आणि वाहतुकीचा बराचसा खर्च निघतो.

मिळकतीची बाजूही प्रामाणिकपणे लिहावी. बक्षिसाची रक्कम आणि फेटा यांतून हा खर्च क्वचितच भरून निघतो. कमाई होते ती वळूच्या रेतनाला येणाऱ्या मागणीतून आणि पिलांना मिळणाऱ्या दरातून. ही मागणी जातिवंतपणाला असते, त्यामुळे पूरकावरचा जादा खर्च गिऱ्हाईक भरून देत नाही. ईदसाठी वजनावर विकायच्या बोकडाचे गणित सोपे आहे : पूरकामुळे जास्त वाढलेल्या किलोंची किंमत पूरकाच्या किमतीपेक्षा जास्त आहे का, एवढेच पाहावे.

नववी पायरी : शेवटचे पंधरा दिवस आणि परतल्यावर

शेवटच्या पंधरा दिवसांत खाद्यात काहीही बदलू नये, शेजाऱ्याने कितीही आग्रह केला तरी. प्रदर्शनाच्या ठिकाणी घरचाच चारा आणि घरचाच खुराक न्यावा. परक्या पाण्याला जनावर तोंड लावत नसेल तर थोडा गूळ टाकावा. त्याची सवय चार दिवस आधी घरीच लावून ठेवावी. प्रवासाच्या दिवशी खुराक निम्मा करावा आणि कडबा भरपूर ठेवावा. पोट भरलेले दिसावे म्हणून मीठ चारून पाणी पाजण्याचा प्रकार करू नये. कांतीसाठी शेवटपर्यंत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी साधन खराराच आहे : रोज वीस मिनिटे, केसांच्या दिशेने, आणि दुपारी सावली.

घरी परतल्यावर पहिले दहा दिवस त्या जनावराला इतरांपासून वेगळे बांधावे, कारण यात्रेतून रोग घरी येतो. खुराक ज्या बेताने चढवला त्याच बेताने दोन-तीन आठवड्यांत उतरवावा. वळू असेल तर त्याला रोज चालवावे. खनिज मिश्रण आणि मीठ तेवढे चालू ठेवावे.